दादर: गाडी बदलायला किती चालावं लागतं?

पूर्वपश्चिम (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

मुंबईत मध्य आणि पश्चिम रेल्वे जिथे भेटतात त्या दादर स्थानकाचा विषय निघाला की बोलणं गाड्यांवर येऊन थांबतं. फास्ट किती, स्लो किती, एसी लोकल हवी की नको. मला या धाग्यात त्याच्या पुढचं बोलायचं आहे. एका गाडीतून पाय खाली ठेवल्यापासून दुसऱ्या गाडीत पाय टाकेपर्यंत माणसाचं काय होतं, तेवढंच.

दादरला उतरणाऱ्या कितीतरी लोकांचं दादरमध्ये काहीच काम नसतं. डोंबिवलीहून येऊन अंधेरीला जायचं असतं, भाईंदरहून येऊन भायखळ्याला जायचं असतं. अशा माणसाला दादर म्हणजे फलाट, जिना, पूल, जिना आणि पुन्हा फलाट. मध्य रेल्वे दिवसाला १८१० लोकल चालवते, पश्चिम रेल्वे १४०० च्या वर. हे आकडे आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगावेतच. पण दोन रेल्वेंच्या मधला जो पूल आहे, त्याच्या रुंदीचा आकडा आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

थोडा इतिहास सांगते, कारण दुखणं तिथलं आहे. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज) कंपनीची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली. बीबीसीआय (बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया, आजच्या पश्चिम रेल्वेची पूर्वज) ही वेगळी कंपनी. तिची विरारहून मुंबईत येणारी पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ ची, आणि तिच्या थांब्यांत दादर होतं. दोन कंपन्यांचे रूळ इथे शेजारी शेजारी आले, पण प्रत्येकीने स्थानक आपापल्या उतारूंसाठी बांधलं. हिच्या गाडीतून उतरून तिच्या गाडीत लाखो माणसं रोज चढतील हा हिशोब कोणाच्याच नकाशात नव्हता. ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य आणि पश्चिम रेल्वे झाल्या तरी दोन कारभार दोनच राहिले. एकाच स्थानकात दोन 'एक नंबर' फलाट होते, ते थेट डिसेंबर २०२३ पर्यंत.

माझं म्हणणं एवढंच, की दादरची क्षमता गाड्यांवर न मोजता जिन्यांवर मोजली पाहिजे. आणि नवीन गाडी सुरू करण्याआधी ती गाडी ज्या फलाटावर माणसं ओतणार, त्याचे जिने मोजले पाहिजेत.

तुमचे अनुभव आणि मतं लिहा. राजकीय पक्षांवरून भांडण नको, एवढी विनंती.

---

विरारफास्ट

चांगला विषय. पण ताई, गाड्याच नसतील तर जिने रुंद करून काय करायचं? आमच्याकडे सकाळी विरारला डब्यात शिरायला मिळत नाही. आधी गाड्या, मग बाकीचं. पंधरा डब्यांच्या लोकल वाढवल्या तर निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

---

जिनेमोजणारा

@विरारफास्ट, इथे थोडी आकडेमोड करू. मी बांधकामातला माणूस आहे, इमारतींमधून माणसं बाहेर काढण्याचे हिशोब रोज करतो.

ब्रिटनमध्ये क्रीडांगणांच्या सुरक्षेसाठी एक प्रमाण वापरतात. सपाट जागेवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं जातात, जिन्यावर ६६. हे सगळे एकाच दिशेने आणि न अडखळता चालत असताना.

आता समजा, गर्दीच्या वेळी एका लोकलमधून १५०० माणसं उतरली. (हा आकडा मी गृहीत धरतोय, दादरचं मोजमाप नाही. बारा डब्यांच्या खच्चून भरलेल्या लोकलमध्ये चार-साडेचार हजार माणसं सहज असतात, म्हणजे तिसरा हिस्सा.) फलाटाला तीन-तीन मीटरचे तीन जिने आहेत. एकेका जिन्यावरून मिनिटाला साधारण २००, तिन्ही मिळून ६००. म्हणजे फलाट रिकामा व्हायला अडीच मिनिटं. पुढची गाडी तीन मिनिटांनी. जमलं.

आता त्यातला एक जिना दुरुस्तीला बंद करा. मिनिटाला ४००. फलाट रिकामा व्हायला पावणेचार मिनिटं, आणि गाडी तीन मिनिटांनी येणारच. पहिल्या गाडीची तीनशे माणसं अजून जिन्याच्या तोंडाशी असताना दुसऱ्या गाडीची १५०० उतरली. तिसऱ्या गाडीला सहाशे तुंबलेली. अर्ध्या तासात काय होईल ते कागदावर मांडून बघा. शिवाय मी वरून खाली येणारी माणसं धरलीच नाहीत. दादरला ती नेहमीच असतात.

पंधरा डब्यांची गाडी आली की हे १५०० चे १९०० होतात. गाडी वाढवायला माझा विरोध नाही. पण जिना तोच ठेवून गाडी वाढवली तर गर्दी डब्यातून निघून पुलावर जाते, आणि पुलावरची गर्दी जास्त घातक असते.

---

करीरोडकर

वरचा हिशोब वाचून २९ सप्टेंबर २०१७ आठवला. एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) आणि परळ जोडणारा पूल, सकाळची वेळ, अचानक आलेला पाऊस. वर आलेली माणसं पावसामुळे खाली उतरेनात आणि खालून गाड्या माणसं सोडतच राहिल्या. २३ जण गेले.

आम्ही त्याच भागातले. तो पूल ज्या काळातला होता तेव्हा आजूबाजूला गिरण्या होत्या. गिरणी कामगार चाळीत राहायचा आणि भोंगा झाला की चालत कामावर जायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत सगळंच उलटलं. गिरण्यांच्या जमिनीवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांत काम करणारी माणसं कल्याण, वसई, पनवेलहून लोकलने यायला लागली. जमिनीचा वापर बदलला, चटईक्षेत्र वाढवून मिळालं, वीज आणि पाणी वाढवून मिळालं. पूल तेवढाच राहिला. एवढ्या मोठ्या बांधकामांना परवानग्या देताना 'ही माणसं कुठल्या जिन्याने उतरणार' हा प्रश्न एकाही कागदावर नसावा, याचा मला आजही संताप येतो.

दुर्घटनेनंतर लष्कराने तिथे पादचारी पूल बांधला. करी रोड आणि आंबिवलीचेही त्यांनीच बांधले. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिन्ही खुले झाले. म्हणजे चार-पाच महिन्यांत पूल उभा राहू शकतो. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

---

विरारफास्ट

@जिनेमोजणारा, हिशोब पटला. पण मग उपाय काय? दादरला रुंदीकरणाला जागा कुठे आहे? एका बाजूला केशवसुत उड्डाणपूल, दुसऱ्या बाजूला इमारती.

---

पूर्वपश्चिम

@विरारफास्ट, जागा फलाटांवरही काढता येते, आणि हल्ली ती काढलीही आहे. मध्य रेल्वेचा जुना एक नंबर फलाट फार अरुंद होता. २०२३ मध्ये शेजारचा दोन नंबर, जिथून दादर लोकल सुटायच्या, तो बंद करून एक नंबर रुंद केला, आणि त्या लोकल परळहून सुटायला लागल्या. परळला टर्मिनस ३ मार्च २०१९ पासून होतंच. मार्च २०२४ मध्ये नव्या क्रमाप्रमाणे दहा नंबरच्या फलाटावर गाडीतून दोन्ही बाजूंना उतरायची सोय झाली.

त्या दादर लोकल गेल्या म्हणून खूप जण नाराज झाले, आणि ते स्वाभाविक आहे. दादरला रिकामी गाडी मिळून बसून घरी जाणं हे मोठं सुख होतं. तरीही माझ्या मते निर्णय योग्य होता. गाडी तिथे उभी राहायची ती जागा आता माणसांना उभं राहायला मिळाली.

---

ठाणेवाली

बसायला मिळायचं ते सुख काय होतं हे ज्याने दिवसभर उभ्याने काम केलंय त्यालाच कळतं हो. मी परळपर्यंत उलटी जाऊन बसून येते. दादरला गाडी आली की चढणाऱ्यांकडे खिडकीतून बघवत नाही.

---

नादरेषा

पहिल्यांदाच लिहितेय इथे. मी दृष्टिहीन आहे, स्क्रीन रीडरवर तुमचे सगळे प्रतिसाद ऐकले.

फलाटांचे नंबर बदलले तेव्हा बऱ्याच जणांना तो वरवरचा बदल वाटला. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे १ ते ७ तसेच राहिले आणि मध्यचे ८ ते १४ झाले. माझ्यासाठी त्या दिवशी दादर निम्म्याने सोपं झालं. आधी पुलावर उभं राहिलं की दोन्हीकडच्या घोषणा एकमेकींत मिसळायच्या. 'प्लॅटफॉर्म क्रमांक एक पर' ऐकू आलं की कुठला एक, हे आवाजाच्या दिशेवरून ठरवावं लागायचं, आणि दादरच्या कल्लोळात दिशा कळत नाही. आता नऊ म्हटलं की नऊ एकच आहे.

दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे फलाटावर बारीक टूं-टूं आवाज येत राहतो. तो आवाज माझा खरा सोबती. आणि फलाटाच्या कडेने उठावाच्या फरशा असतात, पायाला लागतात त्या. त्यांच्यावर कृपा करून पिशव्या ठेवू नका. फेरीवाल्यांपेक्षा उतारूच त्यांच्यावर जास्त उभे असतात.

जिन्याच्या रुंदीबद्दल मात्र माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मला रुंद जिन्याची भीती वाटते, कारण मधोमध सापडले तर धरायला काहीच नसतं. रुंद जिना बांधा, पण मधे कठडे घाला. कठड्याला हात लागला की मी कोणाच्याही वेगाने चालते.

---

जिनेमोजणारा

@नादरेषा, तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, आणि तो फक्त दृष्टिहीनांपुरता नाही. मधल्या कठड्याने चढणारे आणि उतरणारे वेगळे होतात, आणि मागून येणारा दाब एका जागी न साठता वाटला जातो. दर चौरस मीटरला चार-पाच माणसांच्या वर गर्दी गेली की माणूस आपल्या इच्छेने हलू शकत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो. तेव्हा हाताशी कठडा असणं फार मोलाचं.

---

फुलबाजार_पहाटे

तुम्ही सगळे सकाळी आठनंतरचं दादर बोलताय. माझं दादर पहाटे चारला सुरू होतं.

वसईकडच्या बाया पहिल्या लोकलने फुलं, भाजी, केळीची पानं घेऊन येतात. लगेज डब्यातून टोपल्या उतरतात आणि डोक्यावरून पुलावर चढतात. मीनाताई ठाकरे फुलबाजारात झेंडूचे ढीग लागतात. सात वाजेपर्यंत माल निम्म्या मुंबईत पोचलेला असतो. हे स्थानकाचंच काम आहे. मालाची गाडी आणि माणसाची गाडी एकच असल्यामुळे तो बाजार तिथे जगला.

हे लिहिण्याचं कारण म्हणजे गर्दीचं बोलणं निघालं की पहिली कुऱ्हाड फेरीवाल्यांवर पडते. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने स्थानकापासून १५० मीटरमध्ये फेरीवाले नकोत असं सांगितलं, ते पाळलं पाहिजे, पुलावर आणि जिन्याच्या तोंडाशी तर कोणीच बसू नये. पण २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदाही आहे, त्यात त्यांना जागा आखून देण्याची जबाबदारी सांगितलेली आहे. उठवलं आणि जागा दिली नाही, तर माणूस पोटासाठी दुसऱ्या दिवशी तिथेच परत येणार. आणि रानडे रोडवर खरेदी करणारे कोण आहेत? तुमच्या-माझ्यासारखे, गाडी पकडायच्या आधी कोथिंबीर घेणारे.

---

करीरोडकर

@फुलबाजार_पहाटे, मान्य. फक्त जिन्याच्या तळाची दहा पावलं पूर्ण मोकळी हवीत, तिथे तडजोड नको. २०१७ ला माणसं अडकली ती उतरायच्या तोंडाशी.

---

घाटकोपर_इंटरचेंज

एक मोठी गोष्ट राहून गेली. ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. जेमतेम साडेअकरा किलोमीटर, बारा स्थानकं. पण ठाण्याहून अंधेरीला जाणारा माणूस तोवर दादरला वळसा घालायचा, तो घाटकोपरला उतरायला लागला. पुलाला हातही न लावता दादरचा भार हलका झाला.

बोजा मात्र नाहीसा झाला नाही, तो घाटकोपरला आला. संध्याकाळी आमच्या फलाटावर मेट्रोतून उतरलेली माणसं येतात तेव्हा पूर्वीचं दादर आठवतं. त्यामुळे माझं मत असं, की दादर सुधारायचं तर दादरच्या बाहेर आणखी आडवे मार्ग हवेत. शहर उत्तर-दक्षिण लांब, रेल्वेही उत्तर-दक्षिण. पूर्व-पश्चिम जायला जितक्या जास्त जागा, तितका दादरच्या पुलावरचा ताण कमी. हार्बरने वडाळ्यावरून गोरेगावपर्यंत जाता येतं, हेही कितीतरी लोक विसरतात.

---

शिवाजीपार्कवासी

मेट्रो ३ चं काय मग? मे २०२५ मध्ये दादरचं मेट्रो स्थानक उघडलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड असा साडेतेहतीस किलोमीटरचा अख्खा मार्ग सुरू झाला. मी खूश आहे, कारण आमच्या दारातून गाडी जाते.

पण नावाने फसू नका. मेट्रोचं दादर सेनाभवनाजवळ, गोखले रोडला. रेल्वेच्या दादरपासून बाजारातून वाट काढत चांगली दहा-बारा मिनिटं लागतात, पावसात आणि दिवाळीच्या आधी त्याहून जास्त. पूर्वेकडून येणाऱ्याला त्यात सगळे रूळ ओलांडायचे. या दोन दादरना जोडणारी सावलीची, सपाट, फक्त चालणाऱ्यांसाठीची वाट झाली तर मेट्रोचा उपयोग दुप्पट होईल. एवढ्या खोल बोगदे खणले, आता हे वरचं एक किलोमीटरही नसलेलं अंतर अर्धवट सोडू नये.

---

पूर्वपश्चिम

@शिवाजीपार्कवासी, अगदी हेच. हाच माझा धागा काढण्यामागचा मुद्दा. तोक्योच्या शिंजुकू स्थानकाचं नाव जगात सगळ्यात गर्दीचं म्हणून घेतात. तिथे बाहेर पडायला दोनशेहून जास्त दारं आहेत. कितीतरी वेगवेगळ्या रेल्वे कंपन्या आहेत, आपल्यासारख्याच, पण भुयारी वाटांनी माणूस लांबवर पसरत जातो. सगळ्यांना एकाच तोंडातून बाहेर पडावं लागत नाही. आपल्याकडे पश्चिमेला उतरलेली बहुतेक माणसं फुलबाजाराच्या आसपासच्या त्याच दोन-तीन तोंडांतून बाहेर येतात.

@घाटकोपर_इंटरचेंज, आडवे मार्ग हवेतच. पण आज रात्री जो माणूस दादरला उतरणार आहे, त्याला पूल आजच लागणार आहे.

---

भीमाकोठारी

६ डिसेंबरचा उल्लेख कोणीच केला नाही म्हणून लिहितो.

महापरिनिर्वाणदिनी चैत्यभूमीला लाखो लोक येतात. नागपूरहून, मराठवाड्यातून, राज्याबाहेरून. विशेष गाड्या सुटतात, पण बहुतेकांना उतरायचं असतं दादरलाच. म्हातारी माणसं, कडेवर मुलं, डोक्यावर पिशव्या, हातात पुस्तकं. बऱ्याच जणांनी मुंबई त्याआधी पाहिलेलीही नसते. मी दरवर्षी वाट दाखवायला उभा राहतो. समता सैनिक दलाचे स्वयंसेवक, पोलीस, महापालिकेचे लोक जागोजागी असतात. जाण्याची वाट ठरलेली, रांग धरलेली, आणि माणसं त्या रांगेत तासन् तास शांतपणे चालतात.

मला यातून एवढं दिसतं, की वाट नीट दाखवली तर माणसं नीट चालतात. पुढे कुठे वळायचं हे चालणाऱ्याला आधी कळलं पाहिजे. रोजच्या दादरमध्ये पुलाच्या मध्यावर येऊन पाटी शोधणारा नवखा माणूस थबकतो आणि त्याच्या मागे शंभर जण थबकतात. पाट्या डोक्याच्या वर, मोठ्या अक्षरात, मराठीत, आणि जिना संपायच्या आत दिसतील अशा लावा. रुंदीकरणाला वर्षं लागतात, पाटीला आठवडा पुरे.

---

टीटीवरून

पूर्वेबद्दल दोन ओळी. दादर टीटी म्हणजे ट्रामचं टर्मिनस. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून निघून तिथेच आली होती. आज त्याच परिसरातून पुण्याच्या एसट्या सुटतात. पण रेल्वेतून उतरून एसटीला जाणाऱ्याला बॅगा घेऊन टॅक्सी, दुचाकी आणि बस यांच्या मधून वाट काढावी लागते. पावसाळ्यात हिंदमाताकडे पाणी भरलं की तर विचारू नका. प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या केल्यापासून फरक पडलाय, हे खरं.

---

नवीसभासद_पुणे

सगळं वाचलं, खूप माहिती मिळाली. मला एक नेमकं विचारायचं आहे. पुढच्या आठवड्यात आईला घेऊन पुण्याहून ट्रेनने येतेय, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. दादरला सकाळी दहाच्या सुमारास उतरून बोरिवलीला जायचं आहे. कसं करू?

---

जिनेमोजणारा

@नवीसभासद_पुणे, उतरल्यावर लगेच निघू नका. तुमच्या गाडीतली माणसं एकदम जिन्याकडे धावतील. आईंना बाकावर बसवा आणि पाच-सात मिनिटं थांबा, ती लाट ओसरते. तेवढ्यात हमालाला किंवा कर्मचाऱ्याला विचारून त्या फलाटावर लिफ्ट कुठल्या टोकाला आहे आणि चालू आहे ना, ते बघून घ्या.

---

नादरेषा

@नवीसभासद_पुणे, पुलावर आईंना कठड्याच्या बाजूने चालवा आणि तुम्ही गर्दीच्या बाजूला राहा. पश्चिमेचे फलाट १ ते ७ आहेत, त्यामुळे आकडा कमी होत गेला की दिशा बरोबर आहे असं समजा. दहाला बोरिवलीकडे जाणाऱ्या गाड्यांना उलट दिशेपेक्षा गर्दी बरीच कमी असते. फास्टच्या मागे लागू नका, स्लो पकडा, बसायला जागा मिळेल. मी त्या वेळेला बहुधा दादरलाच असते. हवं तर मला व्यक्तिगत निरोप करा, पुलापासून फलाटापर्यंत सोबत येईन.